बादशाचा रवंथ

एका मासिकाच्या संपादकांचे पत्र आले ते खरे तर आमच्या डॉक्टरसाहेबांसाठी होते. 'आपल्या नोकरीतले अनुभव लिहून पाठवा' असे त्यात होते. साहेबांनी ते वाचले, चष्मा कपाळावर चढवला आणि कागद माझ्याकडे सरकवला. "तू लिही गड्या. कॉलेजात तू जातोस, मी नाही."

असले लेख पेन्शन घेतलेल्या माणसांनी लिहायचे असतात हे मला ठाऊक आहे. माझी नोकरी सात वर्षांची, तीही रत्नागिरीच्या गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करण्याची. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मराठी चौथीपुढे गेले नाही. वडिलांना सही येत नाही. मिरगाच्या आधी आभाळाकडे बघून ते जे वाचतात ते मात्र मला अजून वाचता येत नाही. अशा घरातल्या मुलाने छापील अंकात लिहावे म्हणजे नांगराच्या बैलाला टांग्याला जुंपण्यासारखे आहे. चाल चुकली तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. मी एकाच जनावराबद्दल लिहिणार आहे आणि ते गुरांपैकी नव्हते.

आधी आमच्या कामाबद्दल दोन शब्द. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, पुढे चिऱ्याचे अंगण, अंगणात जनावर उभे करायचा लाकडी खोडा. सकाळी सात ते साडेदहा आणि दुपारी चार ते सहा. मधल्या वेळात साहेब मला कॉलेजला जाऊ देत. गाई, बैल, म्हशी येत, टांग्याचे घोडे येत, पदराखाली झाकून कोंबड्या येत. मांडवीवरचा एक टांगेवाला घोड्याला पोटशुळाचे औषध नेताना स्वतःसाठीही मागायचा. "घोड्याला लागू पडतंय, मग मना का नाय?" साहेब त्याला ओवा चघळायला देत आणि सांगत, "घोड्यापेक्षा तुला कमी लागेल. तो काम करतो."

माझे काम जखमा धुणे, किडे काढणे, बांबूच्या नळीने औषध पाजणे. पण त्याच्याही आधी एक प्रश्न विचारायचा. जनावर खोड्यापाशी आले की मालकाला पहिले हेच विचारायचे, "रवंथ करते का?" ज्यांनी गुरे पाळलेली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. गाय घाईघाईने चरते आणि मग सावलीला बसून खाल्लेले पुन्हा तोंडात आणून सावकाश चावत राहते. आजारी पडली की ती पहिल्यांदा रवंथ सोडते. आणि बरी होऊ लागली की औषधाआधी, तापमापकाआधी, तिचा जबडा सांगतो. डोळे अर्धे मिटलेले, खालचा जबडा आडवा फिरतो आहे, गळ्यापाशी एक गोळा हलकेच वर चढतो आहे. ते दृश्य दिसले की साहेब नाडी न बघता चहा सांगत. लहानपणी आमच्या गोठ्यात बैलांचा रवंथ ऐकत मला झोप लागायची. त्या आवाजाचा अर्थ घर शाबूत आहे असा मी समजत असे. अजूनही समजतो. माझी चूक झाली ती तिथेच.

खतीजाचाची पहिल्यांदा आली ती श्रावणात. छत्री मोडलेली, अंग भिजलेले, आणि कमरेवर तांदूळ धुवायची रोवळी, तिच्यावर कोरडे फडके. ती राजिवड्याची, खाडीकाठची. नवरा मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता, तो जाऊन बरीच वर्षे झालेली. एकुलता मुलगा युसूफ, तो मालवाहू जहाजावर खलाशी.

"डाक्टर, ह्याचं मागचं पाय गेलं," ती म्हणाली. मी डॉक्टर नाही हे मी सांगितले, ते तिने ऐकले नाही.

फडक्याखाली पांढरा ससा होता. एका कानावर तेवढा करडा ठिपका, जणू कोणी शाईचे बोट पुसलेले.

"नाव काय?" मी विचारले, म्हणजे तिचे.

"बादशा," ती म्हणाली. "युसूफनं ठेवलान. मुंबयच्या बाजारातून घेतलान आणि बोटीतून कोटाच्या आत लपवून आणलान. जाताना म्हणाला, अम्मा, मी येईतो ह्याला सांबाळ. आता दोन वर्सं झाली."

गल्लीतले कुत्रे पडवीत घुसले होते. घाबरून बादशाने ओट्यावरून खाली चिऱ्याच्या पायरीवर उडी टाकली होती. साहेबांनी मागच्या पायाची बोटे चिमट्याने दाबली. पाय हलला नाही. त्यांनी पाठीवरून अंगठा फिरवला आणि एका जागी थांबले.

"कणा दुखावलाय," ते म्हणाले. "बैल असता तर मी आत्ताच सांगितलं असतं. सशाचं मला एवढं ठाऊक नाही. काही दिवस बघू."

त्याच आठवड्यात संगमेश्वराकडे गुरांत घटसर्पाची साथ उठली आणि साहेब टोचणीसाठी गावोगाव निघाले. जाताना म्हणाले, "राजिवड्याचा तो पेशंट तुझा. फोड येऊ देऊ नकोस, मूत्राशय दाबून रिकामं करायचं, पेज पाजायची. आणि डोळे उघडे ठेव."

माझ्या वाट्याला स्वतंत्र आलेला तो पहिला रोगी.

कॉलेज सुटले की मी राजिवड्याला जात असे आणि चारपर्यंत तिथेच असे. ते महिनाभराचे दिवस मला एका सलग दुपारसारखे आठवतात. पडवीत चटई. बाहेर भिजलेली जाळी, माशांचा आणि ओल्या काथ्याचा वास. भरतीच्या वेळी ऊन पडले की खाडीच्या पाण्याचा उजेड कौलांच्या आतल्या बाजूला नाचायचा. वर बघत राहिले की आपणच पाण्याखाली आहोत असे वाटे. चाचीच्या मांडीवर बादशा. उजेड त्याच्या कानामागून आला की कान पिंपळाच्या कोवळ्या पानासारखा तांबूस व्हायचा आणि त्यातल्या शिरा दिसायच्या. मी बोरिकच्या पाण्याने त्याचे अंग पुसायचो, जस्ताचे मलम लावायचो, डोळ्यांत औषध घालायच्या नळीने पेज पाजायचो. चाची मला तिची पत्रे वाचायला द्यायची. तिला वाचता येत नव्हते. एका लहानशा पत्र्याच्या डब्यात ती ठेवलेली असत. मी तीच तीच पत्रे पुन्हा वाचून दाखवीत असे. प्रत्येकात शेवटी एक ओळ ठरलेली, 'बादशा कसा आहे ते कळवणे.'

"आईचा सांदीवात नाय विचारत," चाची म्हणायची, "सशाचा आदी विचारता." पण हसायची.

दहा-बारा दिवसांनी, एका दुपारी, मी चटईवर पेंगलो होतो. पुस्तक छातीवर उघडे. अर्धवट झोपेत मला आमचा गोठा ऐकू आला. कर्र, कर्र, कर्र. सावकाश, एका लयीत. झोपेत मला वाटले, समोरची खाडीसुद्धा तेच करते आहे. सकाळी गिळलेले पाणी संध्याकाळी पुन्हा तोंडात आणून चावते आहे. डोळे उघडले तर आवाज चालूच. मी सरकत चाचीजवळ गेलो. बादशाचे डोळे अर्धे मिटलेले होते आणि खालचा जबडा बारीक हलत होता.

"चाची!" मी ओरडलोच. "रवंथ करतोय! ऐका. रवंथ सुरू झाला म्हणजे जनावर वाचलं. आता काळजी नाही."

चाचीने कान खाली नेला. बराच वेळ ऐकले. "अल्ला," ती म्हणाली, "केवडा गोड आवाज रे."

तिने त्या दिवशी मला सांदणे खायला घातली. मग डब्यातून कोरा कागद काढला. "लिव युसूफला. आत्ता लिव."

मी लिहिले, 'बादशा पडला होता, मागचे पाय अजून चालत नाहीत, पण आता रवंथ करू लागला आहे, तेव्हा तो वाचणार ही गोष्ट नक्की समजणे.' खाली माझे नाव घातले आणि त्यापुढे, थोडा संकोच वाटून, 'गुरांचा दवाखाना, रत्नागिरी' असेही घातले. म्हणजे युसूफला भरवसा वाटावा. पत्र जहाज कंपनीच्या मुंबईच्या कचेरीत जायचे आणि तिथून जहाज असेल त्या बंदरात.

त्यानंतर आमच्या दुपारी त्या आवाजावर चालू लागल्या. चाची तांदूळ निवडताना ऐकायची, नमाज झाला की मांडी घालून ऐकायची. शेजारच्या बायकांना बोलावून ऐकवायची. आवाज थांबला की आम्हांला चैन पडत नसे. सुरू झाला की दोघेही सैल होऊन बसायचो. मी त्या आवाजात झोपलो आहे, एकदा नव्हे, कितीतरी वेळा. या लेखातले हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जड गेले.

कॉलेजात प्राणिशास्त्राचे सर फळ्यावर गाईचे पोट काढत होते. चार कप्पे. वर्गात ते मला एकट्याला आधीपासून माहीत होते आणि त्याचा अभिमान माझ्या चेहऱ्यावर बहुधा दिसत असावा. सर म्हणाले, "रवंथाला असं पोट लागतं. घोड्याला हे नाही, सशाला हे नाही. ते गवत खातात, पण रवंथ करत नाहीत."

मी उभा राहिलो. वर्गात मी कधी बोलत नसे. माझ्या बोलण्यातला गावचा हेल मुलांना गमतीचा वाटायचा. पण त्या दिवशी राहवले नाही. "सर, ससा करतो. आमच्याकडचा करतो. मी रोज ऐकतो."

मागच्या बाकांवर हशा झाला. कोणीतरी म्हणाले, "आमच्याकडची कोंबडी दूध देते." सर हसले नाहीत. "काय ऐकता तुम्ही?"

"दातांचा आवाज, सर. कर्र कर्र."

"मग तो दात चावत असेल," सर सावकाश म्हणाले. "का चावतो, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा."

साहेब त्याच दिवशी फिरतीवरून परतले होते. पायातले चिखलाचे बूट न काढता ते माझ्याबरोबर राजिवड्याला आले. ओट्यावर बसले. चाचीने कौतुकाने बादशाला पुढे केले. "ऐका साहेब, कसा रवंथ करता तो."

साहेबांनी ऐकले. बादशाच्या डोक्यावर तळवा ठेवला, मग उचलला, मग पुन्हा ऐकले. अंगाखालचे फडके दूर करून मांड्यांमधली कातडी बघितली. आम्ही इतके पुसत होतो तरी ती सोलवटली होती. वजन बघायला त्यांनी त्याला एका हातावर उचलले आणि लगेच खाली ठेवले.

मला ते अंगणात माडाखाली घेऊन गेले. "ससा लाडात आला की दात वाजवतो," ते म्हणाले. "पण ते हात फिरवताना, आणि हलकं. मी हात काढला तरी हा थांबला नाही. हे दुखणं आहे. गाय हंबरते, कुत्रं केकाटतं. ससा रानात ओरडला तर कोल्ह्याला पत्ता लागतो, म्हणून तो ओरडत नाही. दातांत धरतो."

मी ओट्यावरच्या चाचीकडे बघितले.

"तू तिला सांगितलंस तो रवंथ आहे म्हणून. तेव्हा हेही तूच सांग. मी सांगितलं तर त्याचं ओझं तुझ्या पाठीवर कायम राहील."

मी परत ओट्यावर गेलो. चाची बादशाच्या कानामागे खाजवत होती. मी म्हणालो, "चाची, तो रवंथ नव्हता. सशाला रवंथ नसतो. त्याला दुखतंय, म्हणून तो दात चावतो. मी चुकलो."

तिचा हात थांबला. आवाज चालूच होता, नेहमीसारखा, सावकाश, एका लयीत. समोर पाणी ओसरत होते.

"मग इतकं दिस," ती म्हणाली, "आपण बसून काय ऐकत होतो रे?"

ती रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते.

साहेबांनी तिला सरळ सांगितले. कणा जुळणार नाही. पाय येणार नाहीत. पुसून, पाजून अजून महिना, दोन महिने काढता येतील, पण ते सगळे दिवस असेच असतील. क्लोरोफॉर्म दिला तर झोपेतच जाईल. "मी मार म्हणत नाही आणि ठेव म्हणत नाही. मालकाची संमती लागते. कागदावर अंगठा द्यायचा."

"मालक मी नाय," चाची ताडकन म्हणाली. "मालक युसूफ. त्याला विचारल्याबिगर मी कसा काय करू? तो येल आनि म्हनेल, माजा बादशा खय? मी काय सांगू, तुज्या जनावराला औषद देऊन मारलंय?"

तेवढ्यात तिचा दीर हुसेनभाई आला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि त्यांच्यातली रीत सांगितली. जाणारच असेल तर जीव जायच्या आधी सुरी फिरवावी. औषधाने मारून मुरदाड, म्हणजे खायला निषिद्ध, कशाला करायचे. तो वाईट मनाने बोलत नव्हता. कोंबडी आजारी पडली की राजिवड्यात हेच करत.

"सुरी फिरवायची तर आदी तुज्या दाढीवर फिरव," चाची म्हणाली. "त्याला मी नावानं हाक मारते. नावानं हाक मारलेल्याला कोन खाता?"

हुसेनभाईने दाढी हातात धरली. आमच्या घरी याच्या उलट रीत. आमचा म्हातारा बैल गोठ्यात पंधरा दिवस पडून होता. मारायचे नाही, म्हणून वडील त्याच्याजवळ बसत, तोंडात पाणी घालत आणि बसत. त्या पंधरा दिवसांत वडील बैलाइतकेच खंगले. म्हणजे एका घरात आधी मारायची रीत, एका घरात मारायचेच नाही ही रीत, आणि चाचीच्या मांडीवरच्या बादशाला दोन्हींचा उपयोग नव्हता.

मी दुसरे पत्र लिहिले. 'पहिल्या पत्रातला रवंथ ही माझी चूक होती. बादशाला फार त्रास होतो. पुढे काय करावे ते तुम्हीच कळवावे.' या वेळी नावापुढे दवाखाना लिहिला नाही. पावसाळ्यात बोटी बंद, टपाल घाटातून फिरून जायचे. उत्तर कधी येईल हे कोणी सांगू शकत नव्हते. चाची म्हणाली, "बोटी चालू होतील तवर बगू. पयल्या बोटीला कागद येल."

साहेबांनी पेजेत घालायला अफूच्या अर्काचा एक थेंब दिला. त्याने बादशा शांत पडून राहायचा. पण अफूने पोट थांबते, तेव्हा तो खाईना. थेंब बंद केला की आवाज सुरू व्हायचा. दवाखान्यात बसूनही मला तो ऐकू यायचा. मी साहेबांना म्हणालो की मला हे काम सोडायचे आहे आणि कॉलेजही. चाचीलाही तेच बोलून बसलो. "युसूफभाई रागावले तर त्यांचं बरोबर आहे. मी गावी जाऊन नांगर धरतो. बैलाचं तरी मला कळतं."

चाचीने माझ्याकडे नीट बघितले.

भाद्रपदातली एक सकाळ. चार दिवस पाऊस नव्हता. मी दवाखान्याचे अंगण धूत होतो आणि खतीजाचाची फाटकातून आत आली, धुतलेले लुगडे नेसून, रोवळी कमरेवर. साहेब टेबलाशी होते.

"कागद काडा," ती म्हणाली.

"युसूफचं पत्र आलं?" मी विचारले.

"नाय आला." तिने रोवळी टेबलावर ठेवली. "काल दुपारी मी नमाजाला बसले आनि माज्या ध्येनात आला, मी अल्लाजवळ काय मागते तर युसूफचा कागद. बादशासाटी काय मागतच नाय. माज्यावरचा बोजा जावा म्हनून ह्यानं दात चावत बसायचा? तो लांब दर्यात हाय, त्याला आवाज येत नाय. ऐकते मी. ऐकते ती मालक."

साहेबांनी कागद पुढे केला. माझ्या पेनातली शाई तिच्या अंगठ्याला मी लावली. तो तिने स्वतःच कागदावर टेकवला.

टेबलावर नको, ती म्हणाली, मांडीवर. ती अंगणात आंब्याच्या सावलीत बसली. साहेबांनी मला फक्त कापूस धरायला सांगितले. तो गोडसर, थंड वास पसरला. तिने तोंड बाजूला वळवले, पण हात त्याच्या पाठीवर होता. कर्र. कर्र. मग थोडी उसंत. मग एकदा, हलकेच. मग फक्त आंब्यातले कावळे आणि रस्त्यावरच्या टांग्याच्या टापा. मी वाट बघत राहिलो. इतक्या दिवसांनी तो आवाज नसणे ऐकताना कानात पाणी गेल्यासारखे झाले.

"झाला?" चाचीने विचारले.

"झालं," साहेब म्हणाले.

"कसा हलका झाला बग," ती मला म्हणाली. राजिवड्याला हुसेनभाईने अंगणातल्या माडाच्या मुळाशी खड्डा खणून ठेवलाच होता. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर त्याने चिरा ठेवला. मुरदाडाची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही.

नारळीपौर्णिमा केव्हाच उलटली होती. बोटी चालू झाल्या. दर बोटीनंतर मी टपालाची चौकशी करायचो. एक दिवस राजिवड्यात गेलो तर चाचीने स्वतःच सांगितले, "युसूफचा कागद आला."

"द्या, वाचतो."

"वाचून झाला. टपालवाल्याकडनंच वाचून घेतला." नेहमी सगळी पत्रे मी वाचायचो, तेव्हा मनात थोडे खुपले. मग वाटले, तिने का थांबावे? "काय लिहिलंय?"

ती भिंतीकडे वळून सांदणांचे भांडे घासत होती. "लिवलान, अम्मा, तुमी केलंव ता बरा केलंव. कंपाउंडरलापन सांग म्हनून लिवलान. बरा केलंव."

"एवढंच?"

"मग काय पुरान लिवायचा? बस, सांदन खा."

मी खाल्ले. त्या रात्री मला खूप दिवसांनी गाढ झोप लागली. सकाळी पुस्तके घेतली आणि कॉलेजात गेलो. मागच्या बाकावरचे एकदा म्हणाले, "काय रवंथ, कसं काय?" मी म्हणालो, "ठीक आहे." ते नाव मला अजून चिकटलेले आहे आणि आता त्याचे काही वाटत नाही. इंटरची परीक्षा पास झालो. साहेबांनी मुंबईच्या गुरांच्या कॉलेजचा अर्ज आणून माझ्यापुढे टाकला. तो भरताना जेव्हा जेव्हा हात अडखळला तेव्हा मी ते दोन शब्द मनात म्हटले, जो माणूस मी पाहिलाही नव्हता त्याचे, 'बरं केलंत.'

हे सगळे मी इथेच संपवणार होतो. पण लेखाचा कच्चा खर्डा झाला आणि आठ दिवसांत दवाखान्यात एक उंच, काळासावळा माणूस शेळी घेऊन आला. शेळीच्या पायात काच गेली होती. मी पाय धुवायला बसलो तर तो वाकून माझ्या तोंडाकडे बघायला लागला.

"तूच काय रे तो रवंथवाला?"

मी वर बघितले. कॉलेजातल्या कोणी पाठवला की काय असे वाटले. तो हसला. "मी युसूफ. राजिवड्याचा. जहाज सुटला एकदाचा. परवाच्या बोटीनं आलो."

मी घाईने उभा राहिलो. म्हणालो, "युसूफभाई, तुमच्या पत्राबद्दल तुमचे उपकार मानायचे होते. तुम्ही तसं लिहिलं नसतंत तर मी…"

"कुटला पत्र?"

"बादशाचं. बरं केलंत म्हणून लिहिलंत ते."

तो गोंधळला. "मी? मी कवा लिवलंय?" मग आठवून म्हणाला, "अरे, तुजा रवंथाचा कागद मना बसऱ्याला मिळाला. वाचून मी डेकवर नाचलंय. सगळे खलाशी विचारतात, काय लगन ठरला? मी म्हटलंय, माजा ससा वाचला. त्याच दिशी लिवलंय घरी, बादशाला जप, काय झाला तरी जप, मी त्याच्यासाटी घुंगराचा पट्टा घेतलाय. तो कागद घरी पोचला असेल."

"आणि दुसरं पत्र?"

"तो जहाजाच्या मागून फिरत होता. मना मिळाला मुंबयला, कंपनीच्या हापिसात, गेल्या पंदरवड्यात."

शेळीने पाय ओढून घेतला. मी तो पुन्हा धरला आणि चिमट्याने काच शोधू लागलो, कारण तेवढेच करता येण्यासारखे होते. म्हणजे ज्या दिवशी चाची भिंतीकडे वळून भांडे घासत होती, त्या दिवशी तिने टपालवाल्याच्या तोंडून ऐकले होते, 'बादशाला जप, काय झालं तरी जप.' माडाखालच्या चिऱ्याला तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता.

"चाचींनी मला वेगळं सांगितलं," मी म्हणालो.

युसूफने जीभ चावली. "च्यायला. मी बोलून बसलंय." त्याने दवाखान्याच्या दाराकडे बघितले, जणू ती तिथे उभी असेल. "अम्मानं शपत घातलेली हाय. म्हनाली, त्या पोराला कागदाचा काय बोलू नकोस. तो अजून शिकतोय."